भरला काटा, रिकामा काटा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय: चालू वेब ॲप एका फ्रेमवर्कवरून, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर ते बांधलंय त्यावरून, दुसऱ्यावर हळूहळू कसं न्यावं. तिकडे येतोच. आधी कापसाच्या जिनिंगवरची एक रात्र सांगू द्या, मला म्हणायचंय ते बहुतेक तिच्यातच आहे.

हंगामात काट्यावर शेकोटी करून रात्र काढलेले किती जण? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! मग समजावायला नको. आधी भरल्या गाडीचं वजन, मग कापूस खाली, मग रिकाम्या गाडीचं. काटापट्टी हातात आल्याशिवाय चुकारा नाही. ही वजनं नोंदवणारं आमचं ॲप तेव्हा कोडइग्नायटर या जुन्या फ्रेमवर्कवर होतं, खाली पीएचपी ही भाषा, आवृत्ती 5.6. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या 2018 च्या डिसेंबरअखेर थांबल्या, म्हणून बदलणं भागच होतं. मी सगळं लॅराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहिलं आणि ऐन हंगामात, रात्री साडेअकराला, जुनं बंद करून नवं लावलं.

आवारात 22 ट्रॅक्टर उभे होते. भरलं वजन जुन्यात झालेलं. रिकामं घ्यायला गेले तर नव्यात गाडीच सापडेना. डेटा मी संध्याकाळीच उतरवून घेतला होता, नंतर आलेल्या गाड्या त्यात नव्हत्याच. कापूस तर गंजीत मिसळून गेला, आता परत मोजणार काय? घोंगडी पांघरलेले एक काका खिडकीशी आले. "भाऊ, कापूस त घेतला तुमी, पट्टी काहून नाही देऊन रायले?" त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: 58 क्विंटल 40 किलो. जुना डेटाबेस उघडला, आकडा तंतोतंत तोच. पहाटे चारपर्यंत एकेक पट्टी मी हाताने लिहिली आणि सकाळी जुनं ॲप परत चालू केलं. ज्याच्या वर्षाची कमाई त्या ट्रॉलीत आहे, त्याला रात्रभर थंडीत उभं करायचा हक्क आपल्याला नाही. हे मी आजही तितक्याच तळमळीनं सांगतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा भराभर.

बांधावरच्या शिंदीवर पाखराने टाकलेल्या बीतून पिंपळ उगवतो. त्याची मुळं जमिनीला टेकेपर्यंत शिंदीच त्याला धरून ठेवते. जुन्या ॲपच्या आधाराने नवं असंच थोडंथोडं वाढवायचं. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या रानात असेच वृक्ष पाहिले आणि 2004 मध्ये त्यांच्यावरून या पद्धतीला ‘स्ट्रँगलर’ हे नाव दिलं.

आम्ही दोन्ही ॲपच्या पुढे एनजिनएक्स हा वाटाड्या सर्व्हर बसवला, प्रत्येक पानाची मागणी तिथूनच जुन्याकडे किंवा नव्याकडे जाते. पहिल्यांदा फक्त भावफलकाचं पान नव्याकडे वळवलं, कारण ते नुसतं वाचायचं. बिघडलं तर एक ओळ बदलून रीलोड. डेटाबेस दोघांचा एकच, पण एका टेबलात लिहिणारा एकच. लॉगिननं फार छळलं: लॅराव्हेल कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, कूटबद्ध करतं, जुन्याला ती वाचता येईना, म्हणून लॉगिनची खूण दोघांना दिसेल अशा टेबलात ठेवली. काटा सगळ्यांत शेवटी हलवला. तिथे अपवाद एकच: ज्या गाडीचं भरलं वजन जुन्यात, तिचं रिकामंही जुन्यातच. काटा हलवला त्या मिनिटानंतर फाटकातून आलेली गाडी नव्यात.

पुढचा अख्खा हंगाम जुन्याच्या लॉगमध्ये एकही रिक्वेस्ट दिसली नाही, तेव्हा पाडव्याला तो सर्व्हर बंद केला. आता तुमचे प्रश्न घेतो.