भिंत, पॅनेल आणि मधली दोन इंच हवा

सभ्य श्रोतेहो,

मे महिन्यात नाशिकच्या गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला ऐकणारी बरीच मंडळी मला समोर दिसत आहेत. तिथे वक्त्याचा शब्द एकदा कानावर पडला की पुढे निघून जातो, कारण त्याला अडवून परत पाठवणारे छत नसते आणि भिंतीही लांब असतात. तेच व्याख्यान कॉलेज रोडवरच्या एखाद्या नव्या इमारतीत, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, दोन बाजूंना काचा आणि वर गुळगुळीत जिप्समचे छत असलेल्या दालनात ठेवले, तर माइक उत्तम असूनही चौथ्या रांगेच्या मागे शब्द एकमेकांवर चढू लागतात. मग संयोजक आवाज वाढवतात आणि गोंधळही तेवढाच वाढतो. शेवटी कोणीतरी ध्वनिशोषक पॅनेल लावण्याचे सुचवते. आज मला बोलायचे आहे ते कोणती पॅनेल घ्यावीत यापेक्षा ती भिंतीवर कशी बसवावीत याविषयी. माझ्या मते निम्मे काम पॅनेल करते आणि निम्मे ते बसवण्याची पद्धत. आपल्याकडे मात्र सगळे लक्ष पहिल्या निम्म्यावरच खर्च होते.

या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले कोणालाच नीट कळेना, तेव्हा ते काम त्याच्याकडे आले. शेजारच्या सँडर्स थिएटरमधील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा त्याचा उद्योग होता. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते: आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मोजमाप फुटांत असेल, तर घनफळाला ०.०४९ ने गुणून शोषणाने भागायचे.

हे सूत्र एका साध्या वर्गखोलीला लावून पाहू. ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच. घनफळ ६००० घनफूट. जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग २२०० चौरस फूट. गिलावा, टाइल्स आणि काच आपल्यावर पडलेल्या आवाजाचा सरासरी वीसावा भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण ११० चौरस फूट आणि आवाज विरायला सुमारे २.७ सेकंद. मुले बसली की चित्र बदलते. एक माणूस साधारण साडेचार चौरस फूट शोषण करतो असे धरल्यास चाळीस मुलांसह हा वेळ एका सेकंदावर येतो. शिकवण्यासाठी तो ०.६ ते ०.७ सेकंद असावा. उरलेले अंतर तोडायला चांगल्या प्रतीची, चार फूट बाय दोन फुटांची सुमारे वीस पॅनेल लागतात. वीस पॅनेल म्हणजे १६० चौरस फूट, म्हणजे चारही भिंतींचा सहावा हिस्सासुद्धा नाही. सगळी खोली मढवून काढावी लागेल, ही समजूत हे एवढे गणित केले की गळून पडते. शिवाय अति मढवलेल्या खोलीत बोलणाऱ्याचा घसा लवकर बसतो.

पण 'चांगल्या प्रतीची' याचा अर्थ काय? माहितीपत्रकात एनआरसी नावाचा आकडा छापलेला असतो. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार कंपनसंख्यांवरील शोषणाची ती सरासरी. तो ०.९ दिसला की ग्राहक खूश होतो. त्या आकड्याशेजारी, बहुधा बारीक अक्षरांत, चाचणीच्या वेळी पॅनेल कसे बसवले होते तेही लिहिलेले असते. 'ए' म्हणजे थेट पृष्ठभागाला टेकवून, आणि 'ई-४००' म्हणजे मागे ४०० मिलिमीटर पोकळी ठेवून. दुसरी पद्धत टांगलेल्या छतासाठी आहे. छताचा तो आकडा वाचून तेच पॅनेल भिंतीला चिकटवले, तर मिळणारा परिणाम अर्थातच वेगळा असतो, आणि मग दोष विनाकारण मालाला दिला जातो.

असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. पॅनेलच्या आत भरलेली काचलोकर (काचेच्या तंतूंची गादी) किंवा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) आवाज शोषते ते हवेच्या हालचालीला घर्षण करून. तंतूंमधून हवा मागेपुढे सरकते, घासते आणि ध्वनीच्या ऊर्जेची अत्यल्प उष्णता होते. पण टणक भिंतीला अगदी लगटून असलेली हवा हलूच शकत नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झला हे अंतर सुमारे साडेतीन इंच आहे, ५०० हर्ट्झला सुमारे पावणेसात इंच आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याजवळच्या १०० हर्ट्झला तर पावणेतीन फुटांहून अधिक. म्हणून अर्धा इंच जाडीचे फेल्ट भिंतीला चिकटवले की फक्त वरचे, तीक्ष्ण ध्वनी शोषले जातात. 'स', 'श', 'त' यांची धार जाते, घुमारा तसाच राहतो आणि खोली आधीपेक्षा कोंदट वाटू लागते. दोन इंच जाडीचे पॅनेल घेऊन त्याच्या मागे आणखी दोन इंच हवा सोडली, तर खालच्या स्वरांतील शोषण लक्षणीय वाढते. त्या हवेला पैसे पडत नाहीत. फक्त पॅनेल भिंतीपासून पुढे धरून ठेवणारी चौकट लागते.

जागेविषयी थोडक्यात. बोलणाऱ्याच्या समोरची, म्हणजे श्रोत्यांच्या मागची भिंत सर्वांत आधी घ्यावी. तिच्यापर्यंतचे अंतर २८ फुटांहून अधिक असेल, तर परत येणारा आवाज ५० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा पोहोचतो आणि बोलणाऱ्याला तो वेगळा ऐकू येऊ लागतो. त्यानंतर समोरासमोरच्या बाजूच्या भिंती. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा; 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला, तर तो या दोन भिंतींमधील लपंडाव आहे. दोन्ही भिंती झाकण्याची गरज नसते; एका भिंतीवरील पॅनेलच्या समोर दुसऱ्या भिंतीची मोकळी जागा येईल अशी तिरपी मांडणी पुरते. सलग पट्ट्यापेक्षा सुटी पॅनेल थोडे अधिक शोषतात, कारण त्यांच्या कडाही कामाला येतात. उंची बसलेल्या आणि उभ्या माणसाच्या कानाभोवतीची, साधारण साडेतीन ते साडेसात फूट. लहान मुलांची शाळा असेल तर थोडी वर, नाहीतर महिनाभरात कापडावर नक्षीकाम होते.

आता प्रत्यक्ष बसवणे. चार बाय दोन फुटांचे, दोन इंच जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचे लोकरीचे पॅनेल लाकडी चौकटीसह चार-पाच किलोंच्या आसपास भरते. हे वजन भिंतीला काहीच नाही. तरीही पॅनेल पडतात, आणि पडतात ती बहुधा चिकटवलेली. डिस्टेंपरवर दुहेरी टेप किंवा गोंद लावला तर तो रंगाला धरतो, भिंतीला नाही. पुढे रंगाचा पापुद्रा पॅनेलसकट उतरतो. म्हणून माझा आग्रह स्क्रूचा आणि तिरप्या पट्टीचा आहे. सुताराकडून तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड लाकडी पट्टी लांबीत मधोमध ४५ अंशांत चिरून घ्यावी. एक अर्धी भिंतीवर अशी ठोकावी की तिची तिरपी बाजू भिंतीकडे उतरेल आणि वर खाच तयार होईल. दुसरी अर्धी उलटी करून पॅनेलच्या चौकटीला. पॅनेल वरून सोडले की ते खाचेत बसते आणि स्वतःच्या वजनानेच भिंतीकडे ओढले जाते. खालच्या कडेला तेवढ्याच जाडीची एक पट्टी हवी, नाहीतर पॅनेल ओळंब्यात राहत नाही. दोन इंच पोकळी हवी असेल, तर या पट्ट्यांच्या मागे तेवढे ठोकळे घालावेत.

भोके पाडण्यापूर्वी पाणसळीने आडवी रेघ मारून घ्यावी आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहावी. बद्द आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटला आहे; तिथे स्क्रू कितीही आवळला तरी तो गिलाव्यातच फिरणार. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लग, गिलावा ओलांडून विटेत किमान दीड इंच गेली पाहिजे. हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल पडते, तिथे त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन अँकर घ्यावेत. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनमध्ये मागचा पत्र्याचा चॅनेल शोधून त्यातच स्क्रू मारावा. जुन्या वाड्यातील काळ्या दगडाच्या भिंतीत दगड फोडत बसण्यापेक्षा, सांध्यातील चुना घट्ट असेल तर सांध्यात पकड घेणे सोपे. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली कधीही ड्रिल लावू नये. वायरिंगचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकावे. फुंकर आरपार गेली, तर आवाजही जाईल. रेक्झिन, जाड ऑइलपेंट किंवा वरून डकवलेला प्लास्टिकचा फ्लेक्स यांनी पॅनेलची भिंतच होते. लोकर हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक आहे.

फोमबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटून १०० माणसे दगावली. २०१३ मध्ये ब्राझीलमधील सांता मारिया येथे छतावरचा फोम पेटून २४२. ज्या खोलीत माणसे जमणार, तिथे अग्निचाचणीचा कागद दाखवल्याशिवाय फोम आत येऊ देऊ नये. अंड्यांचे ट्रे आवाज फारसा शोषत नाहीत आणि पेटतात मात्र झकास.

प्रश्नोत्तरात हमखास येणारी एक शंका आधीच घेतो. खाली ढोल-ताशाचा सराव चालतो, पॅनेल लावली तर आवाज थांबेल का? नाही. पॅनेल खोलीतला आवाज खोलीत घुमू देत नाही. भिंतीपलीकडचा आवाज अडवायला वजन लागते आणि दाराखालच्या, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी बुजवाव्या लागतात. ते गवंड्याचे आणि खिडकीवाल्याचे काम आहे.

शेवटची सूचना पावसाळ्याची. पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला आपल्याकडे ओल धरते आणि पॅनेलच्या मागे ती दिसत नाही. भिजलेली लोकर शोषण गमावते आणि कापडावर बुरशी चढते. पहिला पावसाळा संपला की एकेक पॅनेल खाचेतून वर उचलून मागची भिंत हाताने चाचपून पाहावी. ओल किंवा पोपडे आढळले, तर ते पॅनेल आतल्या कोरड्या भिंतीवर हलवावे, आणि बाहेरून गिलाव्याची दुरुस्ती होऊन भिंत पूर्ण वाळेपर्यंत ती जागा उघडीच ठेवावी.