गोल चाक आणि गुडघा

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘पायांच्या व्यायामयंत्रांची यांत्रिक रचना’ असा छापला आहे. तो वाचून फोंड्यातल्या माझ्या एका स्नेह्यांनी आज सकाळीच विचारले की, वजन वर न्यायचे आणि खाली आणायचे, यात रचना ती कसली. उत्तर मी देणारच आहे. मात्र सात वाजता हे सभागृह नाटकाच्या तालमीला मोकळे करून द्यायचे आहे, आणि व्याख्यान अर्धवट राहिले तर गोमंतकीय माणूस मोठ्या मनाने क्षमा करतो, तालीम उशिरा सुरू झाली तर करत नाही, याची मला जाणीव आहे.

माझी सारी नोकरी झुआरीच्या काठावर बार्जच्या दुरुस्तीत गेली. निवृत्तीनंतर उजवा गुडघा कुरकुरू लागला तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकटी आणायला सांगितले, आणि अशा रीतीने मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा व्यायामशाळेची पायरी चढलो. तिथे मला लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर बसवण्यात आले. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असेल: खुर्चीवर बसून नडगीच्या खालच्या टोकाशी एक गोल उशी टेकवायची आणि गुडघा सरळ करत ती वर उचलायची. उशी ज्या भुजेला लावलेली असते तिच्या आसावर एक चाक असते, चाकावरून केबल निघते, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी प्लेटांची चळत दोन उभ्या सळयांच्या आधाराने वरखाली होते. जेवढे वजन हवे त्या भोकात पिन घालायची.

मी २० किलोच्या भोकात पिन घातली. सुरुवातीला पाय अगदी सहज वर गेला, इतका सहज की मी मनात स्वतःचे कौतुक करून घेतले. पण गुडघा सरळ व्हायला वीतभर अंतर उरले असताना पाय जो अडला तो अडलाच. प्रशिक्षक मुलगा मोठा सुशील. तो म्हणाला, “काका, शेवटी जरा हिसका द्या, सगळे देतात.” मी आजूबाजूला पाहिले, तर खरोखरच सगळे हिसका देत होते. यंत्रावर बसलेल्या प्रत्येक माणसाला जर एकाच जागी हिसका द्यावा लागत असेल, तर दोष माणसाकडे शोधायचा नसतो, हे कार्यशाळेत काढलेल्या वर्षांनी मला शिकवले आहे. मी खाली वाकून चाक पाहिले. ते चुलीवरच्या तव्यासारखे गोल होते.

आता हे गोल असण्यात वावगे काय, ते सांगतो. गुडघ्याला जो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लावावा लागतो तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो: प्लेटांची ओढ आणि आसापासून केबलचे लंबांतर. चाक गोल असेल तर हे अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहते, म्हणून यंत्र सतत सारखाच टॉर्क मागते. मांडीचा स्नायू मात्र सतत सारखा टॉर्क देत नाही. गुडघा साधारण ६० ते ७० अंशांत वाकलेला असताना त्याची ताकद सर्वांत जास्त असते आणि पाय सरळ होत जाईल तशी ती उतरत जाते. त्यातच पोटरी आणि पाऊल मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के भरतात. पाय लोंबता असताना हे वजन गुडघ्यावर काहीच टॉर्क आणत नाही, आणि पाय आडवा झाला की पुरेपूर आणते. थोडक्यात, जिथे स्नायू दुबळा तिथेच भार वाढतो. मग शेवटची वीत जमेल एवढेच वजन लावावे तर बाकीचा सारा टप्पा स्नायूला फुकटचा जातो, आणि मधल्या टप्प्याला साजेसे लावावे तर शेवटी हिसका अटळ.

हे ठाऊक असल्यामुळे जाणते निर्माते चाक गोल ठेवत नाहीत. ते अशा आकाराचे कापतात की आसापासूनचे अंतर ताकदीबरोबर वाढेल आणि ताकदीबरोबर कमी होईल. त्याला कॅम म्हणतात. मी त्या मशीनच्या फॅब्रिकेटरचा पत्ता काढला आणि त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या संमतीनेच हे सांगतो आहे, कारण ते आज तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. त्यांनी एका हॉटेलातले परदेशी मशीन टेप लावून इंच न् इंच मोजले होते. चौकट, बैठक, सळया, कुठेच फरक नव्हता. चाकाचे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, “साहेब, त्यांचे चाक वाकडे झाले होते. मी गोल करून लावले.” मी त्यांना हसलो नाही. बार्जवर वाकडे चाक दिसले असते तर मीही ते काढूनच टाकले असते, आणि वर ज्याने वापरले त्याला चार शब्द सुनावले असते.

हा प्रश्न जुना आहे. गुस्ताव झांडर या स्वीडिश वैद्याने १८६५ मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामयंत्रांची संस्था काढली, तेव्हा त्याची यंत्रे तरफ आणि वजने यांवरच चालत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म हा अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या पायात लोखंडी बूट अडकवून गुडघे सरळ करायला लावी. वजन हळूहळू वाढवण्याची त्याची पद्धत आजही चालते, पण बुटाचा भार पाय आडवा होताना सर्वाधिक होतो, म्हणजे नेमका उलटा. १९७० मध्ये आर्थर जोन्सने कॅमची यंत्रे बाजारात आणली, आणि तो कॅम नॉटिलस या सागरी जिवाच्या शंखासारखा दिसे म्हणून यंत्रांनाही तेच नाव मिळाले.

दुसरी गोष्ट घर्षणाची. मी मासळीबाजारातून हुकाचा ताणकाटा मागून आणला आणि उशीला अडकवून, भुजेला काटकोनात, सावकाश ओढला. पिन २० वर असताना वर नेताना काटा १२ दाखवी आणि खाली सोडताना ८. भुजेचे स्वतःचे वजन मागच्या प्रतिभाराने तोललेले होते, म्हणून ते हिशोबात धरले नाही. चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि उशी आसापासून ४० सेंटिमीटरवर, म्हणून २० किलोचे निम्मे, म्हणजे १०, यायला हवे होते. वरखालीचे २ किलो घर्षणाचे. विहिरीचा रहाट कुरकुरू लागला की भरली कळशी ओढताना जड होते आणि सोडताना अडखळते, तसाच हा प्रकार. पण इथले नुकसान मोठे आहे, कारण स्नायू जेवढे उचलू शकतो त्याहून जास्त वजन तो सावकाश खाली उतरवू शकतो, आणि घर्षण नेमके तिथेच भार हलका करते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा; सळयांवर गंजाचे ठिपके येतात, आणि त्यावर जाड ग्रीस थापले की धूळ बसून त्याचा लगदा होतो. सळया पुसून पातळ सिलिकॉन तेल लावल्यावर काटा ११ आणि ९ दाखवू लागला.

दाराशी नाटकमंडळी दिसू लागली आहेत, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. खरे तर मुख्य विषय हाच होता.

लेग प्रेसमध्ये, म्हणजे मागे रेलून दोन्ही पायांनी प्लेटांची गाडी ढकलायच्या यंत्रात, ही गाडी ४५ अंशांच्या रुळावर चालते, म्हणून २०० किलोच्या प्लेटा लावल्या तरी त्यांचा रुळाच्या दिशेतला भार सुमारे १४१ किलोच येतो. त्यात रिकाम्या गाडीचा भार मिळवायचा, जो पाटीवर बहुधा लिहिलेला नसतो. शिवाय पाय जवळजवळ सरळ असताना गुडघ्यापासून भाराच्या रेषेचे अंतर अगदी थोडे उरते, मोटारीच्या कात्रीजॅकसारखे, म्हणून अर्धवट वाकून मोठाले आकडे ढकलता येतात. गाडी अडवणारे खुंट म्हणूनच खालच्या टप्प्याचा विचार करून बसवायचे असतात.

गुडघा ही दाराची बिजागरी नव्हे. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर लोळते आणि घसरतेही, त्यामुळे त्याचा आस हलत राहतो. यंत्राचा आस मात्र एका जागी खिळलेला. तो गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या रेषेत यावा म्हणून पाठीची फळी पुढेमागे सरकणारी हवी, नाहीतर उशी नडगीवर घासते. आणि हिसक्याविषयी एवढेच की, गुरुत्वाच्या निम्म्या प्रवेगाने वजन झटकले तर त्या क्षणी भार दीडपट होतो आणि पुढे चळत जवळजवळ तरंगते, म्हणजे आधी सांध्याला धक्का आणि मग स्नायूला सुट्टी.

हा पुठ्ठा मी कॅमच्या आकारात कापून आणला आहे: मधल्या टप्प्यात २० सेंटिमीटर, शेवटाकडे उतरत १२ पर्यंत, पायाचे वजन वजा धरून. कडेला पेन्सिलीने अंशांच्या खुणा आहेत. तिसऱ्या रांगेतून मघापासून खुणेने मला विचारले जात आहे की, असल्या वाकड्या चाकाचा मध्य धरायचा कुठे. भोक मी पाडून ठेवले आहे.