जोर जातो कुठे? गिटारचा अडकलेला नॉब काढण्याविषयी

(नाशिकमध्ये हौशी वादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, माझी नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये झाली आणि गिटारची दुरुस्ती हा संध्याकाळचा छंद म्हणून तिच्या जोडीने वाढत गेला. त्यामुळे आजचा विषय मी वादकाच्या अंगाने मांडण्याऐवजी फिटरच्या अंगाने मांडणार आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषय लहान आहे. इलेक्ट्रिक गिटारवरचा आवाजाचा किंवा टोनचा नॉब जागचा निघत नसेल, तर तो कसा काढावा, एवढाच तो विषय. मात्र माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारांपैकी बऱ्याच जणींचा मूळ आजार किरकोळ असतो आणि खरी इजा नॉब उपटण्याच्या खटाटोपात झालेली असते, म्हणून त्यावर तासभर बोलणे मला अनाठायी वाटत नाही.

नॉब काढायची वेळ मुळात येते कशी, ते आधी पाहू. बहुतेक वेळा नॉबखालचे नट सैल झालेले असते. नट सैल झाले की नॉब फिरवताना त्याच्याबरोबर आतला अख्खा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारा विद्युत भाग (पोटेन्शिओमीटर), फिरू लागतो, त्याला सोल्डर केलेल्या तारा पिळल्या जातात आणि एक दिवस कार्यक्रमाच्या मध्येच आवाज बंद पडतो. ते नट आवळायचे तर पाना नॉबखाली शिरला पाहिजे, म्हणजे नॉब निघालाच पाहिजे. पॉट बदलायचा असेल तरी तेच. परंतु तक्रार केवळ खरखरीची असेल, तर नॉबला हातही लावू नये. पॉटच्या मागच्या अंगाला, तारा जोडायच्या पायांजवळ एक फट असते, तिच्यातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा, म्हणजे विजेचे स्पर्शबिंदू साफ करणाऱ्या द्रावणाचा, बारीक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवला की खरखर बहुधा जाते. त्या फटीपर्यंत पोहोचणेही अवघड नाही. टेलिकास्टर घाटाच्या गिटारवर नॉबची पट्टी दोन स्क्रूंवर असते आणि ती नॉबसकट उचलता येते. स्ट्रॅटोकास्टरच्या घाटात आज सर्रास अकरा स्क्रूंचा पिकगार्ड, म्हणजे पुढची संरक्षक पट्टी, असतो, तोही नॉबसकट उलटतो. लेस पॉलच्या घाटात तर पाठीमागे स्वतंत्र झाकणच दिलेले आहे. ज्या नॉबला हात लावण्याची गरज नव्हती, तो ओढून पॉट तोडलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि एकदा तो तोडणारा मी स्वतःच होतो.

ती हकिगत सांगतो. टूलरूममध्ये लागून मला चार-पाच वर्षे झाली होती. एका मित्राची गिटार होती, दिवाळीतला कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता आणि आवाजाचा नॉब काही केल्या हलत नव्हता. मी नॉबवर फडके गुंडाळले, पक्कड लावली आणि सरळ वर हिसका दिला. नॉब हातात आला, पण त्याच्याबरोबर दांडाही आला. पॉटचे पोट उघडे पडले, आतला कार्बनचा पट्टा तडकला आणि गिटार मुकी झाली. तसा पॉट तेव्हा नाशिकमध्ये मिळेना, मुंबईहून आणवावा लागला, आणि मित्राने त्या संध्याकाळी उसन्या गिटारवर वाजवले. मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्याच आठवड्यात मी एका नव्या मुलाला बेअरिंग काढायला शिकवले होते आणि बजावले होते की, बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसलेले असेल तर पुलरची, म्हणजे खेचून काढण्याच्या अवजाराची, नखे आतल्या कड्याला लाव, बाहेरच्या कड्याला लावलीस तर सगळा जोर मधल्या गोळ्यांवर येईल आणि बेअरिंग निकामी होईल. कारखान्यात जे तत्त्व मी दुसऱ्याला शिकवत होतो, ते गिटार हातात घेताच विसरलो होतो.

जोर जातो कुठे, हा प्रश्न म्हणूनच पहिला. पॉटची रचना डोळ्यांसमोर आणा. वर दिसणारा नॉब एका धातूच्या दांड्यावर बसलेला असतो. तो दांडा आटे पाडलेल्या नळीतून खाली उतरतो, नळीवरचे नट पॉटला गिटारच्या अंगाशी धरून ठेवते. खाली पत्र्याच्या डबीत कार्बनचा घोड्याच्या नालेसारखा पट्टा असतो आणि दांड्याच्या तळाशी जोडलेला स्पर्शक त्यावरून फिरतो. डबीचे टोपण पत्र्याचे चार कान दुमडून धरलेले असते, आणि दांडा वर निसटू नये म्हणून त्याला बहुधा एक नखाएवढी क्लिप लावलेली असते. नॉब वर ओढला की ओढ दांड्यावर येते, दांड्यावरून ती या क्लिपवर आणि दुमडलेल्या कानांवर जाते. फिरवण्याचा ताण सोसण्यासाठी बनवलेली वस्तू आपण उपटण्याच्या ताणाखाली आणतो. नॉबचा माथा बहुधा बंद असल्यामुळे पुलरने दांडा खाली दाबून नॉब वर खेचावा, अशी सोय येथे नाही. क्लिपला वगळून जोर लावण्याची वाट नाही, म्हणून मुद्दा एवढाच उरतो की लागणारा जोरच कमी कसा करावा.

त्यासाठी नॉब कोणत्या जातीचा आहे, हे ओळखले पाहिजे. नॉबची कड टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहावी. बाजूला बारीक भोक दिसले तर आत ग्रब स्क्रू, म्हणजे डोके नसलेला छोटा स्क्रू, आहे आणि तो सैल केल्याशिवाय ओढणे म्हणजे कुलूप न काढता दार ओढणे. टेलिकास्टर घाटाचे धातूचे नॉब बहुतेक असेच असतात आणि त्यांचा दांडा भरीव, पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो. भोक नसेल तर नॉब दाबून बसवलेला आहे. स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉल घाटाचे प्लॅस्टिकचे नॉब या दुसऱ्या जातीचे. त्यांचा दांडा मधोमध चिरलेला आणि दातेदार असतो. आणखी एक जात सावधगिरीने ओळखावी. काही पॉटांच्या पोटात खटका असतो आणि नॉब काही मिलिमीटर वर उचलला की पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाची, जोडणी बदलते. हा नॉब वर येऊन थांबतो, तेव्हा तो अर्धा निघाला अशी समजूत होऊन माणूस आणखी ओढतो आणि खटका मोडतो.

ग्रब स्क्रूच्या बाबतीत आपल्याकडे घात होतो तो मापाचा. अमेरिकी धाटणीच्या नॉबमधला स्क्रू पुष्कळदा १/१६ इंचाच्या षट्कोनी अ‍ॅलन कीचा असतो, म्हणजे सुमारे १.५९ मिलिमीटर. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या संचात १.५ मिलिमीटरची की असते. ती आत जाते, थोडी धरतेही, आणि जोर लावताच स्क्रूचे सहा कोपरे घासून गोल करते. फरक नऊ शतांश मिलिमीटरचा, पण एवढ्या लहान षट्कोनात तो पुरेसा आहे. म्हणून इंची संच वेगळा घ्यावा, तो काही महाग नाही. की घालण्यापूर्वी टाचणीने भोकातला मळ काढावा, कारण घाम, धूळ आणि पॉलिशचे मेण साचून की पूर्ण खोलीपर्यंत जातच नाही. की तळाला टेकली की मगच फिरवावी, आणि स्क्रू एक-दोन फेरेच सैल करावा. तो पूर्ण काढला तर सतरंजीवर पडतो आणि पुन्हा सापडत नाही. काही नॉबना दोन स्क्रू असतात, तेव्हा एक सैल करून खेचत बसू नये.

आता गंजाविषयी, आणि येथे मला आपल्या भांडी बाजाराची आठवण होते. पितळेच्या भांड्यात आंबट किंवा खारट पदार्थ राहिला की ते कळंकते, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाच्या आधी ठाऊक होते, म्हणून तर कल्हईवाला दारोदार फिरत असे. पॉटचा दांडा अनेकदा पितळेचा, धातूचा नॉब पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचा वर चकाकी चढवलेला, आणि स्क्रू पोलादाचा. या तिघांमध्ये वादकाच्या हाताचा खारट घाम आणि नाशिकच्या पावसाळ्यातली दमट हवा शिरली की जस्तावर पांढरी भुकटी आणि पोलादावर तांबडा गंज चढतो, आणि ते सांध्यात सिमेंटासारखे बसतात. अशा वेळी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टाचणीच्या टोकाने स्क्रूच्या भोकात सोडावा आणि रात्रभर वाट पाहावी. कॅनमधून फवारा कधीही मारू नये. ते तेल दांड्यावरून पॉटमध्ये उतरते, आतले ग्रीस धुऊन नेते आणि नॉब पुढे कायमचा ढिला, बेचव फिरतो.

दाबून बसवलेल्या नॉबची गोष्ट वेगळी. तो अडकतो त्याचे मोठे कारण म्हणजे चुकीची जोडी. आशियाई पॉटांच्या दांड्यावर सामान्यतः १८ दाते असतात, अमेरिकी सीटीएस कंपनीच्या पॉटांच्या दांड्यावर २४. एकाचा नॉब दुसऱ्यावर तळहाताने ठोकून बसवला की तो बसतो खरा, पण दाते एकमेकांत रुततात. दुसरे कारण आपणच निर्माण करतो. नॉब सैल वाटला म्हणून कोणीतरी दांड्याची चीर स्क्रू ड्रायव्हरने नको इतकी फाकवतो.

येथे श्रोत्यांमधून एका तंबोरावादक बाईंनी विचारले की, पावसाळ्यात फुगलेली खुंटी आम्ही पिळत पिळत बाहेर ओढतो, तसे येथे का करू नये. प्रश्न चांगला आहे. खुंटी निमुळती असते आणि ती भोकात फिरते, म्हणून पिळल्याने तिची पकड सुटते. नॉब मात्र दांड्यासकट फिरतो, त्यामुळे त्या दोघांमधली पकड जशीच्या तशी राहते. पॉटची फेरी सुमारे ३०० अंशांची असते. तिच्या टोकाला पोहोचल्यावरही पिळत राहिलो, तर आतला अडसर मोडतो. गिटारचे हे कान पिळून उपयोग नाही.

उपयोग होतो तो उष्णतेचा, निदान प्लॅस्टिकच्या नॉबला. हिशेब करून पाहा. एबीएस प्लॅस्टिक दर अंशाला पितळेच्या सुमारे चौपट प्रसरण पावते. सहा मिलिमीटरचे भोक ३० अंशांनी तापवले, तर भोक दांड्यापेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटर अधिक मोठे होते. हे माप हास्यास्पद वाटेल, पण कारखान्यात आम्ही एक शतांशावर घट्ट आणि सैल ठरवतो. केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर, वीतभर लांबून, मिनिटभर धरावे आणि नॉब हाताला सोसेल इतकाच ऊन करावा. आजूबाजूच्या रंगावर ओले फडके ठेवावे, कारण जुन्या गिटारांवरचे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर उष्णतेने मऊ पडते. धातूच्या नॉबला हा उपाय फारसा लागू पडत नाही, कारण नॉब आणि दांडा जवळजवळ सारखेच फुगतात.

नॉब ऊन झाला की त्याच्या बुडाखाली सुती नाडी सरकवावी. पायजम्याची जुनी, धुऊन मऊ झालेली नाडी यासाठी सर्वांत उत्तम. ती नॉबभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोके समोरासमोर धरावीत आणि दोन्ही हातांनी सारखाच, सावकाश वाढता ताण वर द्यावा. सारखाच म्हणण्याचे कारण असे की, जुन्या लाकडी कपाटाचा खण एका कोपऱ्याने ओढला तर तो तिरका होऊन आणखी अडकतो, तसाच नॉबही दांड्यावर तिरका होतो. हिसका तर देऊच नये, कारण क्लिप मोडते ती हिसक्याने. नाडी शिरण्याइतकी फट नसेल तर आधी दात साफ करण्याचा दोरा घालून नॉब केसभर उचलावा, मग नाडी. तरीही हलला नाही तर दोन चमचे समोरासमोर लावावेत, त्यांच्या खाली जुनी प्लॅस्टिकची कार्डे ठेवावीत आणि दोन्ही चमच्यांचे दांडे एकाच वेळी दाबावेत. चमच्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर वापरलेल्या गिटारवर नॉबभोवती अर्धचंद्रासारखे खड्डे पडलेले असतात. ते जन्मभर राहतात.

एका तरुणाने नॉब फेविक्विकने चिकटवल्याचे कबूल केले. तो गोंद अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो हे खरे, पण अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकही विरघळवतो आणि लॅकरही, तेव्हा नखांचे रंग काढणारे ते द्रावण गिटारजवळ आणू नये. येथे नॉबचा बळी द्यावा. बारीक करवतीने किंवा कटिंग पक्कडीने तो उभा चिरून दोन तुकड्यांत काढावा. नव्या गिटारवर नॉब सर्वांत स्वस्त, पॉट त्याहून महाग आणि रंग तर कशानेच भरून न येणारा. अपवाद एकच. गिटार १९५० किंवा १९६० च्या दशकातली आणि नॉब मूळचा असेल, तर संग्राहक त्या नॉबसाठी मोठी किंमत मोजतात. तेथे नॉब चिरू नये, वाचवावा.

नॉब परत बसवताना दांड्याची चीर फाकलेली असेल तर ती पक्कडीने हलकेच मिटवावी, आणि नॉब तळहाताने न ठोकता बोटांनी दाबावा. तो पार बुडापर्यंत न नेता खाली जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा ठेवून त्यावर टेकवावा आणि मग तुकडा ओढून काढावा. कार्डाच्या जाडीएवढी जी फट उरते, तिच्यातून पुढच्या वेळी नाडी सहज आत जाते.