एका यंत्रात कोंडलेलं शहर

[दृश्य: लॅमिंग्टन रोड, दुपार. केबलची भेंडोळी, हातगाड्या. कॅमेरा अरुंद जिन्याने वर.]

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून मुंबईकर वर्षानुवर्षं या रस्त्यावर येतात. कुणाला रॅम हवी असते, कुणाला चार्जर, कुणाला बिघडलेल्या वस्तूसाठी शेवटची आशा. या पोटमाळ्यावर आज एक प्लेस्टेशन ४, म्हणजे सोनीचं गेम खेळायचं यंत्र (कन्सोल), उघडलं जाणार आहे. पहिलं मॉडेल, काळं, तिरक्या कडांचं. भारतात ते जानेवारी २०१४मध्ये आलं, ३९,९९० रुपयांना. ज्याचं हे यंत्र आहे, त्याच्या घरी याहून कितीतरी ताकदवान पीसी आहे. पण त्याला ‘ब्लडबोर्न’ खेळायचा आहे, आणि हा गेम प्लेस्टेशन सोडून दुसऱ्या कशावरही विकत मिळत नाही. तो पीसीवर का येत नाही, हा चाहत्यांचा जुना वाद.

[दृश्य: टेबलावरचा दिवा. स्क्रू, अगदी जवळून.]

मागच्या बाजूला चार स्क्रू. त्यांतले काही वॉरंटीच्या स्टिकरखाली दडलेले. स्क्रूच्या डोक्यात मधोमध बारीक खुंटी असते, त्यामुळे साधा पेचकस बसत नाही. मधे भोक असलेला टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचा बिट लागतो. कव्हर अलगद उचललं की आधी पॉवर सप्लाय सुटतो. या कन्सोलला बाहेर ॲडॉप्टर नाही. सप्लाय पोटातच, म्हणून त्याची उष्णताही पोटातच.

आता ब्लू-रे ड्राइव्ह. इथे कारागिराचा हात कसा मंदावतो, पाहा. रिबन केबल नाजूक आहे, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. या मॉडेलच्या ड्राइव्हमधला सर्किट बोर्ड आणि मुख्य बोर्ड यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, ते एकमेकांनाच ओळखतात. बाजारातून दुसरा ड्राइव्ह आणून नुसता बसवला, तर कन्सोल डिस्क वाचत नाही. जुन्या ड्राइव्हचा बोर्ड काढून नव्याला लावावा लागतो. तो बोर्डच गेला असेल, तर तुमच्या कपाटातल्या सगळ्या डिस्क या यंत्रापुरत्या निकामी.

[दृश्य: पंखा. ब्लोअर. उडणारी धूळ, संथ गतीत.]

पंख्याच्या पात्यांत रजईतल्या कापसासारखी धूळ बसली आहे. चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकची पेस्ट सुकून कडक झाली आहे. कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये बुडवून ती पुसायची, घाई न करता. खाली चिप दिसू लागते.

[दृश्य: स्वच्छ चिप. फ्रेम स्थिर ठेवा.]

सगळा वाद या चिपशी येऊन थांबतो. ही एएमडी या कंपनीची. ‘जॅग्वार’ घडणीचे आठ कोर, म्हणजे गणित करणारे आठ भाग, त्यांच्याच शेजारी ग्राफिक्स. घरातल्या पीसीचा प्रोसेसर ज्या सूचना समजतो, त्याच घराण्यातल्या सूचना ही समजते. प्लेस्टेशन ३मध्ये ‘सेल’ नावाचा वेगळ्याच घडणीचा प्रोसेसर होता. तिथला गेम दुसरीकडे नेणं खरोखर जिकिरीचं होतं. इथे ती अडचण सांगता येत नाही. मुळात याच यंत्रासाठी बनलेला ‘होरायझन झीरो डॉन’ सोनीने २०२०मध्ये पीसीवर आणला. २०२२मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘स्पायडर-मॅन’ही आले. ‘ब्लडबोर्न’ आला नाही.

[दृश्य: गेममधून. यारनामची शिखरं, पायऱ्या, मशाली घेतलेला जमाव.]

हे ‘ब्लडबोर्न’मधलं यारनाम. तोक्योच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने सोनीच्या जपान स्टुडिओसोबत उभं केलेलं शहर. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. मार्च २०१५मध्ये गेम आला. त्याआधी २००९मध्ये याच जोडीचा ‘डेमन्स सोल्स’ आला होता, आणि जपानबाहेर तो प्रकाशित करायला सोनीच कचरली. अमेरिकेत तो ॲटलस या कंपनीने प्रकाशित केला. सोनीच्या शुहेई योशिदांनी ही चूक पुढे जाहीरपणे कबूल केली. मग सोनी स्वतःहून मियाझाकींकडे नव्या गेमसाठी गेली. पैसा सोनीचा, हक्क सोनीचे, आणि त्या पैशाविना हे शहर कदाचित उभंच राहिलं नसतं. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण प्रकाशनाला दहा वर्षं उलटून गेली आहेत.

लोकांचं ऐकून दार उघडल्याचं उदाहरण याच स्टुडिओच्या इतिहासात आहे. ‘डार्क सोल्स’ २०११मध्ये फक्त कन्सोलवर आला. चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि ऑगस्ट २०१२मध्ये तो पीसीवर आला. मात्र तो सोनीचा नव्हता, जपानबाहेर तो नामको बंदाई या कंपनीने प्रकाशित केला होता. ‘ब्लडबोर्न’बद्दल मियाझाकींनी २०२४मध्ये सांगितलं, की पीसी आवृत्तीला त्यांचा विरोध नाही. पुढच्याच वर्षी, सोनी सोडल्यावर, योशिदांनी स्वतःचा अंदाज म्हणून सांगितलं, की मियाझाकींना वेळ नाही आणि दुसऱ्या कुणी या गेमला हात लावलेला त्यांना नको असावा. सोनीने स्वतः कारण दिलेलं नाही.

[दृश्य: स्क्रीन दोन भागांत. डावीकडे कन्सोल, उजवीकडे पीसी. तोच मोठा पूल.]

डावीकडे, कारागिराने पुन्हा जोडलेलं यंत्र. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. प्लेस्टेशन ५मध्ये हीच डिस्क घातली, तरी ३०च. ऑस्ट्रेलियाच्या लान्स मॅकडोनाल्डने २०२१मध्ये ६० फ्रेमचा पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, फुकट वाटला. २०२५मध्ये सोनीच्या नोटिशीनंतर तो काढावा लागला. उजवीकडे, शॅडपीएस४. जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेला मुक्त एम्युलेटर, म्हणजे पीसीवर या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम. हालचाल किती सरळ वाहते, ते तुम्हीच पाहा.

ज्यांच्याकडे प्लेस्टेशन नाही, ते दुसऱ्याचं खेळणं व्हिडिओत बघून भागवतात. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आला. एका गेमसाठी एवढी रक्कम बहुतेक घरांतून निघत नाही. त्यातली स्वस्त डिजिटल आवृत्ती घेतली, तर जुनी डिस्क घालायला फटच नाही.

उजवीकडचं हे चित्र सोनीने उद्या रीतसर विकायला काढलं, तर पूर्ण किंमत मोजायला या पोटमाळ्यावरचेच तिघे तयार आहेत. हे निवेदन लिहिणारा त्यांच्यातला एक.