शस्त्रक्रियेआधीची वही

नमस्कार श्रोतेहो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार ज्यांच्या घरात चालू आहे, त्यांच्यासाठी आज बोलायचं आहे. शुगर, बीपी, थायरॉइड, झोपेत अडकणारा श्वास या तपासण्यांना कुणाची हरकत नसते. मानसतज्ज्ञाला भेटा म्हटलं की मात्र कपाळावर आठ्या येतात. ‘मला काय वेड लागलंय?’ असं पुष्कळांना वाटतं. वेडाचा इथे काही संबंध नाही. आपण कधी, कशासाठी खातो हे त्या भेटीत पाहायचं असतं, आणि त्याची निम्मी तयारी घरीच, आपल्या खाण्याची वही लिहून करता येते.

आधी शस्त्रक्रियेत काय होतं ते पाहू. स्लीव्ह नावाच्या पद्धतीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून अरुंद नळी ठेवतात. काढलेल्या भागात घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक बनत असतं, म्हणून पहिले काही महिने भूक खरोखरच मंदावते. बायपास या दुसऱ्या पद्धतीत जठराची साधारण 30 मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पण घरात खटका उडाल्यावर, बोटीवरच्या नवऱ्याचा फोन आला नाही म्हणून, किंवा हॉटेलातली रात्रपाळी संपवून रिकाम्या घरी आल्यावर जो हात डब्याकडे जातो, तो काही घ्रेलिनमुळे जात नाही. ती सवय तशीच राहते.

आणि ती आपली वाट शोधते. शस्त्रक्रियेनंतर चिकनचा कोरडा तुकडा उतरत नाही. पोदेराकडचा मऊ पाव तर बहुतेकांना सोसत नाही; त्याचा चिकट गोळा होतो, छातीत दाटून येतं, उलटी होते. मग सहज उतरतं ते खाल्लं जातं: आइस्क्रीम, शेव, चहात बुडवलेली बिस्किटं. एका वेळी थोडंच, पण दिवसभर. वजन पुन्हा चढू लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. बायपासवाल्यांनी जास्त गोड खाल्लं तर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब, म्हणजेच डंपिंग होऊ शकतं.

दारूचं इथे गोव्यात स्पष्टच सांगायला हवं. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. खाण्यातून मिळणारा दिलासा तुटला की काही जण तो फेणीत किंवा बिअरमध्ये शोधतात. हा धोका पहिल्या वर्षात फारसा दिसत नाही, दुसऱ्या वर्षापासून वाढतो. म्हणून आजचं पिणं डॉक्टरांना खरं तेवढं सांगा.

आता वही. शस्त्रक्रियेच्या तारखेआधी निदान सहा ते आठ आठवडे सुरू करा. शेवटचे दोन आठवडे यकृत आक्रसावं म्हणून कमी कॅलरींचा, जास्त प्रथिनांचा आहार देतात. तेव्हा रोजचं खाणं नसल्याने सवय नोंदता येत नाही. प्रत्येक खाण्याला एक ओळ पुरे. वेळ, जागा, काय आणि किती, भूक 0 ते 10 पैकी किती, आधीच्या अर्ध्या तासात काय झालं, आणि खाऊन झाल्यावर कसं वाटलं. नमुना ऐका: ‘संध्याकाळी साडेसहा. स्वयंपाकघरात, उभ्याने. दोन पाव, चहा, मग मूठ-दोन मुठी शेव. भूक 3. जावेचा फोन, जमिनीचा विषय. नंतर राग तसाच, पोट जड.’

यात भूक किती आणि आधी काय झालं हे दोन रकाने सगळ्यांत मोलाचे. पोटाची भूक हळूहळू वाढते, पेज-भाजी मिळाली तरी चालते आणि खाल्ल्यावर थांबते. मनाची ओढ अचानक येते, तिला नेमकं तेच खाजं किंवा तीच बर्फी हवी असते, आणि पोट भरलं तरी हात थांबत नाही.

वही बिघडते कुठे? रात्री आठवून लिहिलं की मधलं चरणं गळून जातं. लिहायला लागल्याबरोबर लोक डाएट सुरू करतात, मग खरी सवय कागदावर येतच नाही. चतुर्थीचे आणि जत्रेचे दिवस तर हमखास वगळले जातात, तेच तर हवेत! घरच्यांनी वही तपासून बोलणी दिली, की पुढची पानं खोटी होतात. वहिनींनो, आईंनो, ती वही उघडू नका.

दोन आठवड्यांनी पानं चाळा. कधीकधी वेगळंच निघतं. दुपारी एकला शीत-कडी, नंतर रात्री साडेनऊपर्यंत जेवण नाही. मधे संध्याकाळी सातला खाण्यावर होणारा हल्ला म्हणजे सरळ भूक असते. त्याला मनाचं नाव देऊन स्वतःला दोष देत बसू नये. साडेचारला उकडलेलं अंडं, वाटीभर उसळ किंवा मूठभर भाजलेले चणे खाऊन पाहा. सातची ओढ ओसरली तर उत्तर मिळालं.

ओसरली नाही, तर तिच्या जागी एक ठरलेली कृती हवी. ‘मन रमवा’ म्हणून भागत नाही. जावेचा फोन संपला की स्वयंपाकघरात न जाता अंगणात किंवा बाल्कनीत पंधरा मिनिटं. तिथे बहिणीला फोन करा, फुलझाडांना पाणी घाला, नाहीतर नुसत्या फेऱ्या मारा. त्यानंतरही खावंसं वाटलं तर खा, पण बसून, ताटलीत वाढून घेऊन. पूर्ण बंदी घालू नका. कडक बंदीनंतर पुष्कळदा उलट जास्तच खाल्लं जातं. ही कृती शस्त्रक्रियेआधीच अंगवळणी पडली पाहिजे, कारण नंतरच्या थकव्यात नवं काही शिकायला बळ नसतं.

काही नोंदींपुढे वही अपुरी पडते. दोन तासांच्या आत इतरांपेक्षा कितीतरी जास्त खाणं, थांबवता न येणं, लाजेने लपून खाणं, आणि हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होत असेल, तर तो बिंज ईटिंग नावाचा आजार असू शकतो. रात्री झोपेतून उठून खाणं किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढणं हेही सांगायलाच हवं. यामुळे शस्त्रक्रिया नाकारतील या भीतीने लोक लपवतात. बहुतेक वेळा आधी उपचार करतात आणि तारीख थोडी पुढे जाते, एवढंच. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर काही औषधांचं शोषण बदलतं, म्हणून त्यांची यादी सर्जनला द्या.

गोव्यात यासाठी बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे 14416. भेटीला जाताना वही आहे तशीच न्या, चहाच्या डागांसकट. स्वच्छ अक्षरात उतरवून काढू नका.