आधी ऊब, मग दूध

मंडळी, आईविना गारठलेलं कुत्र्याचं इवलंसं पिल्लू हाती आलं की जीव कळवळतो आणि आपण धावतो ते दूध कोमट करायला. आज मी मुख्यतः एवढंच सांगायला आले आहे, की तेव्हा दूध देऊ नका.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडतासुद्धा येत नाही. आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात असतं म्हणून त्याचं अंग गरम राहतं. या दिवसांत गुदद्वारात मोजलेलं तापमान साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस भरतं. ते ३४ च्या आसपास उतरलं की आतडी काम थांबवतात. मग पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर उलटून श्वासनलिकेत जातं. माझं पहिलं पिल्लू असंच गेलं. ते भुकेलं आहे असं समजून मी पाजत राहिले. ते गार पडलं होतं, हे मला कळलंच नाही.

ऊबही सावकाश द्यायची. गरम पाण्याची बाटली फडक्यात नीट गुंडाळून एका अंगाला ठेवा, दुसरी बाजू मोकळी सोडा. जास्त झालं तर त्याला सरकता यायला हवं. अंगावर भाजल्याच्या खुणा घेऊन आलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

अंगात ऊब आली, की धुतलेली करंगळी त्याच्या तोंडात द्या. जीभ पन्हाळीसारखी वळून बोट ओढू लागली, तर पाजा. बोट नुसतंच पडून राहिलं, तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. नळीने पाजणं शिकल्याशिवाय करू नये.

पाजताना पिल्लू पालथं असावं, आईला पितं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात उतरतं. नाकातून दुधाचा बुडबुडा दिसला, की तिथेच थांबा. दूध पिल्लांसाठीच्या पावडरचंच घ्या. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी जेमतेम ४ मिली मावतं. म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

आई चाटते ते कामही आता आपलंच. कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने पोटाखाली हलके पुसा, तेव्हाच त्याला शी-शू होते. शू गडद पिवळी दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

आणि रोज ठरल्या वेळी वजन करा, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. आकडा कालच्यापेक्षा खाली आला, तर उद्याची वाट बघू नका. या वयात काही तासांतच पिल्लू हातचं जातं. डॉक्टरांकडे निघताना ती फडक्यात गुंडाळलेली बाटली बरोबर घ्या, वाटेतही ते गारठतं.