फेंटानिल: सगळा खेळ मोजमापाचा

ऑपरेशन टेबलावर पेशंट आहे, भूलतज्ज्ञ सिरिंजमध्ये औषध भरतायत, आणि डोस मोजला जातोय मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे फेंटानिल, वेदना मारणारं जबरदस्त औषध. १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या लॅबमध्ये तयार झालं, याला अफूचं शेत लागत नाही, सगळं केमिकलमधून बनतं, आणि ताकद अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनच्या साधारण १०० पट.

कॅन्सरच्या पेशंटला याचा पॅच देतात. दंडावर किंवा छातीवर चिकटवला की ७२ तास औषध थोडं थोडं अंगात जात राहतं, आणि ज्याला कूस बदलायची म्हटलं तरी जीव नकोसा व्हायचा तो माणूस रात्री शांत झोपतो. म्हणून याला सरसकट विष म्हणू नका, प्लीज. जगात कितीतरी लोकांना आजही अशी औषधं न मिळाल्यामुळे वेदनेत तळमळत दिवस काढावे लागतात.

घात होतो तो मोजमाप सुटलं की. मे २०१९ मध्ये चीनने फेंटानिलसारख्या सगळ्या पदार्थांवर एकदम कंट्रोल आणला, पण धंदा थांबला नाही, तयार मालाऐवजी कच्ची केमिकल्स मेक्सिकोत जायला लागली आणि तिथे सिनालोआ, हालिस्कोसारख्या कार्टेलच्या, म्हणजे ड्रग्जच्या टोळ्यांच्या, लॅबमध्ये पावडर बनते. तिच्या गोळ्या पाडतात, रंग निळा, एका बाजूला एम, दुसऱ्या बाजूला ३०, दिसायला हुबेहूब मेडिकलमधली ऑक्सिकोडोन ही वेदनाशामक गोळी. पावडर नीट मिसळलेली नसते, त्यामुळे एका गोळीत जवळपास काहीच नाही आणि शेजारच्या गोळीत जीव जाईल एवढं. सवय नसलेल्या माणसाला २ मिलिग्रॅमही पुरतं, मिठाचे मोजके कण म्हणा ना! एवढ्याशा पाकिटात हजारो डोस मावतात, मग तस्करी पकडायची कशी? अमेरिकेत २०२२ या एका वर्षात सिंथेटिक ओपिऑइडमुळे (अफूसारखा असर करणारी, केमिकलमधून बनवलेली फेंटानिलसारखी औषधं) ७०,००० च्या वर माणसं गेली, आणि त्यातल्या अनेकांना आपण फेंटानिल घेतोय हे माहीतही नव्हतं, याचं फार वाईट वाटतं.

ओव्हरडोस झाला की श्वास मंदावतो, घशातून घरघर येते, ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तेव्हा नाकात नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा औषधांचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, स्प्रे मारला तर दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि फेंटानिल अंगात शिल्लक असलं तर श्वास परत बंद पडू शकतो, म्हणून माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी अँब्युलन्स बोलवायचीच, आणि ती येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.